मोहितेबाईंची तरतूद

मोहितेबाई आमच्या कंपनीच्या मुख्य अकाउंटंट आणि अख्ख्या ऑफिसात सर्वांत भित्र्या. फोन वाजला तरी दचकायच्या. क्रांती चौकात रस्ता ओलांडताना माझी बाही घट्ट धरायच्या. मार्चअखेरीला हिशेब बंद करण्याआधी मात्र कारखान्याच्या कुंपणाबाहेरून न चुकता चक्कर मारून यायच्या. "वाईट दिसलं की लगेच लिहावं. चांगलं हाती आल्यावर लिहू, त्याला काय घाई नाय," असं त्यांचं नेहमीचं बोलणं.

गेल्या मार्चमध्ये त्यांनी मलाही, म्हणजे त्यांच्या सहायकाला, सोबत नेलं. सांडपाण्याच्या टाकीची मागची भिंत ओली होती. खाली नाल्यावर एक धनगर मेंढ्यांना पाणी पाजत होता. बाईंनी चौकशी केली तर म्हणाला, "परवापासून दोन मेंढ्या उठंनात, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. मला काळजी लागली ती वेगळ्याच कारणाने. कंपनीने लासूर स्टेशनजवळच्या शाळेला वर्गखोल्या बांधून दिल्या होत्या, त्यांचं उद्घाटन तोंडावर होतं आणि साहेबांना वार्षिक अहवालात भरघोस नफ्याशेजारी तेच फोटो हवे होते.

बाईंनी टाकीची दुरुस्ती आणि नाल्याकाठच्या लोकांची भरपाई यासाठी पुढे येणारा खर्च त्याच वर्षाच्या हिशेबात धरून तरतुदीची एक ओळ घातली. नफा उतरला. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"अजून कुणाची तक्रार नाही. आणि समाजासाठी आपण शाळा देतोच आहोत. ही ओळ काढा आणि सही करा."

बाईंचे हात इतके थरथरायला लागले, की त्यांनी ते पदराखाली घेतले. "साहेब, मला तुमचं लई भ्या वाटतं. पण त्या पाण्याचं त्याहून जास्ती वाटतं. शाळा द्या की. आधी नाल्याचं बघा. मी नाय करत सही."

त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुख्य कार्यालयातून एक जण आला आणि ती ओळ काढून सही करून गेला. भिंतीला बाहेरून गिलावा झाला.

यंदा त्यांच्या खुर्चीत मी आहे. काल चक्कर मारली, तर गिलाव्यावर पुन्हा ओल. रात्रभर झोप लागली नाही. घरी लहान मुलगी आहे आणि पगार माझा एकट्याचा. सकाळी बाईंना फोन केला.

"बाई, फार भीती वाटते."

"वाटणारच. मला काय कमी वाटली व्हती? ती जायची वाट नको बघू. लिही."

मी तरतूद लिहिली. आत्ताच साहेबांचं बोलावणं आलं आहे. हात थरथरताहेत. मला पदर नाही, म्हणून ते खिशात घातले आणि उठलो.