नदीपल्याडचा धूर

आमच्या वडगाव रासाईची दीक्षा पुण्यात नेमकं काय करते, ते कुणालाच धड कळत नव्हतं. "चिमणीतून निघालेला धूर कुठं जातो ते कॉम्प्युटरवर काढते," असं ती सांगायची आणि आम्ही शेजारीपाजारी हसायचो. धूर कुठं जाणार? वर! त्यासाठी एवढं शिकायचं?

पण तिच्या भावाचा पोरगा रुद्र थंडीत रोज पहाटे धापा टाकायला लागला. एवढ्याशा पोराला तोंडात मारायचा पंप आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मीच तिला म्हटलं, "गावाशेजारच्या त्या कंपनीच्या धुराड्याचं काढ की. ग्रामसभेत दाखवू. चांगली जिरवू त्यांची."

रविवारी दीक्षा लॅपटॉप घेऊन गावी घरी आली, मीही त्यांच्याकडं जाऊन बसलो. वारा, थंडी, धुराड्याची उंची, सगळं तिनं आत भरलं. नकाशावर रंग पसरला आणि गावाला वळसा घालून भलतीकडंच गेला. मी चाटच पडलो.

मग तिनं भीमेपल्याडचं, दौंड हद्दीतलं गुऱ्हाळ त्यात घातलं. गुऱ्हाळाच्या धुराला आमच्याकडं कुणी धूर म्हणतच नाही. पण उसाचं चिपाड ओलं असलं की तिथं काहिलीखालच्या चुलवाणात फाटक्या चपला आणि प्लास्टिक कोंबतात, हे सगळ्यांना ठाऊक. आणि तिथं जाळ घालायला दीक्षाचेच वडील, आबा.

थंडीत पहाटे हवा दबून असते, धूर वर चढत नाही, असं दीक्षा सांगत होती आणि सांगतासांगताच थांबली. तांबडा पट्टा नदी ओलांडून थेट दीक्षाच्याच घरावर आला होता.

तेवढ्यात आबा कामावरून आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "हे तांबडं कशाचं गं?"

"तुमच्या गुऱ्हाळाचं, आबा."

"येडी का काय? मधी एवढी नदी हाय!"

"नदी धुराला अडवत न्हाई, आबा."

आबा पडद्यासमोर खाली बसले.

"गावातल्या गुऱ्हाळाचं काम म्या का सोडलं, ठाव हाय का? आपल्या रुद्रला धूर लागू नये म्हणून. मुद्दाम पल्याड गेलो." मग त्यांनी विचारलं, "आन् गावातल्या गुऱ्हाळाचा कुठं जातो?"

दीक्षानं तेही काढून बघितलं.

"रानात," ती म्हणाली, आणि रडायला लागली.