दस्त कबूल न्हाई

चऱ्होलीत जमिनी विकायला लागल्यापासनं आमा बायकांना रजिस्ट्रेशनच्या हापिसाची सवयच झाली. भावांनी गाडीत घालून न्यायचं, नवी साडी घ्यायची, हक्क सोडल्याच्या कागदावर सही घ्यायची. आतला साहेब विचारतो, "दस्त कबूल हाय का?" आपण मान डोलवायची. मीबी दोनदा डोलावली. भावांवर रुसले न्हाई, पण तो प्रश्न ध्यानात राहिला.

मालक गेले, राहतं घर माझ्या नावावर आलं. पोराला ते बक्षीसपत्रानं पायजे हुतं. न्हाई म्हणलं की हात पिरगळायचा, दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचा. सून टीव्हीचा आवाज वाढवायची. अरे मेल्या, सत्तरीच्या आईवर हात टाकतोस, लाज न्हाई वाटत? हे सगळं मनातल्या मनात. तोंडावर बोलायची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू!

शेवटी एक दिवस म्हणलं, "व्हय, देते सही." लगेच ताटात भाकरी-भाजी, वर गोड शिरा. काय ती माया उतू चाललेली! नवी साडीबी आली.

वकिलाच्या टेबलावर मी गुमान सही केली. पोरगं निर्धास्त झालं, फोनवर कुणाला तरी "काम झालं" म्हणून सांगाया लागलं. मग आत नेऊन मला कॅमेऱ्यापुढं बसवलं. समोर तरुण मॅडम. मान वर न करताच तिनं विचारलं, "आजी, दस्त कबूल आहे?"

"हो हो, कबूल," पोरगंच मागनं बोललं.

"न्हाई," मी म्हणलं. परत म्हणलं, मोठ्यानं, "कबूल न्हाई!"

मॅडमनं आता वर बघितलं. "सही तर तुमचीच आहे ना?"

"माझीच हाय. मारून घेतलीया." पदर सारून दंडावरचे काळेनिळे वळ दाखवले. तिनं पोराला भाईर काढलं, नोंदणी नाकारली आन् पोलिसांना फोन लावला.

महिला पोलीस मला घेऊन भाईर आली. पोरगं गाडीपाशी उभं, दात खात म्हणालं, "आई, घरी चल, मग बघतो तुला."

पोटचंच की ते. तरी तिथंच, चारचौघांत सांगितलं, "घरी तर मी जाणारच, घर माझं हाय. तुझं बिऱ्हाड कुठं हलवायचं, ते तू बघ."