बांधावरची मराठी

आमच्या मोठ्या काकांइतका थोर शिकारी उभ्या कावेरीकाठी झाला नाही, असे मी आजही छाती ठोकून सांगते. त्यांनी उंदराखेरीज कशाचीही शिकार केली नाही, ही गोष्ट वेगळी. आमचे पूर्वज घोड्यावरून तंजावरला आले आणि त्यांनी वाघ मारले, असे काका सांगत. "वाघ सरले. आतां जें उरलें तें मी मारतों," एवढे बोलून ते मिशीला पीळ देत, डोक्याला लाल रुमाल बांधत आणि इन्नंबूरच्या आमच्या शेताकडे अशा ऐटीत निघत की वाटेतली माणसे बाजूला होत. मागून फावडे घेतलेले माझे वडील, टोपली घेतलेली काकांची लेक, म्हणजे आमची आक्का, आणि काठी घेतलेली मी.

भात पिकायला आले की उंदीर लोंब्या कातरून बिळात साठवायचे. काका बिळाची एक सोडून बाकी सगळी तोंडे चिखलाने बुजवत, गवत भरलेल्या मडक्यातून आत धूर फुंकत आणि मग हलक्या आवाजात हुकूम सोडत. हे हुकूम फक्त मराठीत. घराबाहेर आम्ही सगळे तमिळ बोलायचो. बैलांशी, दुकानदाराशी, देवळातल्या गुरुजींशीसुद्धा. पण इन्नंबूरचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यांना तमिळ कळणारच, असे काकांचे शास्त्र होते. मराठी ही आमची गुप्त भाषा. एकदा धुरातून उंदीर निसटताना पाहून आक्का तमिळमध्ये "अंगे, अंगे" म्हणजे "तिकडे, तिकडे" असे ओरडली, आणि उंदीर नेमका वळून पळाला. काका रागावले नाहीत. मडके खाली ठेवून म्हणाले, "तूं त्याला वाट सांगितलीस, तो गेला. त्याचें काय चुकलें?" आक्काने त्या संध्याकाळी उजवीकडे, डावीकडे, हळू, घेर, धर हे सगळे घोकून पाठ केले. आम्हा दोघींची मराठी बरीच वर्षे अशी हुकमांचीच होती. लग्नाच्या मांडवातही आक्का नवऱ्याला कुजबुजली होती, "हळू. डावीकडून ये."

बिळातून निघालेल्या लोंब्या घरी आल्या की त्या कांडून खीर व्हायची. शत्रूच्या कोठारातली म्हणून काका पहिली वाटी स्वतः वाढायचे.

उंदरांना भाषा कळते हे माझ्या वडिलांना पटत नसे. एकदा त्यांनी हसत तसे विचारले, तेव्हा काका फावड्यावर रेलून म्हणाले, "उंदराला काय कळतें तें मला ठाऊक आहे रे. पोरें दाराबाहेर पडलीं कीं अस्कीं, सगळींच्या सगळीं, तमिळ बोलतात. माझ्यामागें घरांत मराठी उरणार नाहीं. बांधावर तरी बोलूं देत." वडिलांनी पुन्हा कधी तो प्रश्न काढला नाही.

आता कुंभकोणमला माझे पितळी भांड्यांचे दुकान आहे. मध्यंतरी दर्शनाला आलेले एक पुण्याचे जोडपे समई घ्यायला आले. इतकी जुन्या वळणाची मराठी कुठे शिकलात, म्हणून विचारू लागले. उंदराच्या बिळापाशी, असे मी सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. मला मात्र दिवसभर ताठ चालावेसे वाटत होते.

यंदा पोंगलला आम्ही सगळे शेतावर गेलो. कापणी यंत्राने झालेली. काकांचे गुडघे गेलेत, म्हणून बांधावर खुर्ची मांडून त्यांना बसवले होते. रुमाल मात्र लालच. आक्काची चेन्नईची नातवंडे भोवती तमिळमध्ये किलबिलत होती. इतक्यात एक उंदीर बांधावर आला. काकांचे डोळे लकाकले. "उजवीकडे. हळू," ते पुटपुटले. मुले जागची हलली नाहीत. त्यांना कळलेच नव्हते. मी साडी खोचून उजवीकडे सरकले, पण वयाने मीही जड झालेय. उंदीर दुसऱ्या अंगाने निघून गेला.

"जाऊं दे," काका म्हणाले. "आपलेंच बोलणें ऐकून वाढला. त्याला मराठी येत असेल आतां." थोडे थांबून म्हणाले, "कोणाला तरी येऊं दे."

"मला येतें, काका," मी म्हटले. उंदीर केव्हाच गेला होता. तरी त्यांनी सांगितलेल्या जागी, उजवीकडे, मी उभीच राहिले.