भुशात धावलेली वैशू

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात मी बसले होते. समोर निळ्या कापडाचा तागा उलगडलेला, दुकानदार मीटरपट्टीने मापून राहिलेला, आणि फोन वाजला. वैशूचे बाबा. हे मला आयुष्यात कधी फोन करत नाहीत. "कप्तान बाई... पोट्टी गेली," एवढंच म्हणाले. दुकानदाराच्या हातात कात्री होती. "कापू ना मॅडम?" त्याने विचारलं. ती शिकवायची त्या पोरींच्या जर्सींसाठी हे कापड आणायला मला वैशूनेच पाठवलं होतं. तीन दिवसांआधी धंतोलीतल्या दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली होती, "पोट्ट्याईच्या जर्सीचं कापड तू आण. निळंच आण. अन् पातळ नको आणू, टॅकल केली का टर्रकन फाटते." मी दुकानदाराला म्हटलं, "कापा." मग तिथेच, गाद्यांवर बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर, मी ढसाढसा रडले. त्या भल्या माणसाने पाणी दिलं. आता महिना होऊन गेला त्याला.

वैशाली, म्हणजे आमची वैशू, रग्बी खेळायची. देशाकडून खेळली. नागपुरात असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे ते हेल्मेटवालं का?" नाही हो बाप्पा! हेल्मेट नाही, अंगावर गाद्या बांधलेल्या नाहीत. अंड्यासारखा बॉल छातीशी धरायचा, समोरच्यांच्या अंगावरून, मधून, बाजूने पळत सुटायचं आणि पलीकडच्या रेषेपार जाऊन तो जमिनीवर टेकवायचा. झाला ट्राय. समोरचे तुम्हाला धरून आपटायला मोकळे, त्याला म्हणायचं टॅकल. अशा खेळात ही पाच फुटांची पोट्टी गेली आणि नाव काढून आली. मी सरकारी कचेरीत फायली हलवते, पण लोकांना माझी ओळख आजही "वैशूची कप्तान" अशीच आहे, आणि मला तिचा जाम अभिमान आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवत बसायला नको.

कप्तान होते मी कबड्डीतली. आम्ही लकडगंजला लागून असलेल्या एकाच वस्तीतल्या. तिचे बाबा तिथल्या आरा मशीनवर कामाला. दिवसभर सागाचे ओंडके चिरायचे. वैशू आमच्या संघाची चढाई करणारी. दम असा की समोरची फळी थकायची, पण हिचं "कबड्डी कबड्डी" थांबायचं नाही. एकदा मैदानावर एक सर आले, काखेत तो चमत्कारिक बॉल घेऊन. त्यांना रग्बीसाठी मुली हव्या होत्या. म्हणाले, "तुम्हाला पकड येते, अर्धं काम झालंय." झालं! आम्ही सगळ्या निघालो. पहिल्याच सामन्यात बॉल वैशूच्या हाती आला. पोट्टी सुसाट सुटली. तोंडाने चक्क "कबड्डी कबड्डी" सुरू! चार जणींना झुकांडी देऊन ती पार शेवटच्या रेषेजवळ पोचली, पुढे कोणी म्हणून कोणी नाही... आणि मी मधल्या रेषेवर उभी. चढाईला गेलेली परत आली नाही तर गुण नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "परत ये वं वैशू, परत ये!" कप्तानचा हुकूम. ती गर्रकन वळली आणि त्याच चार जणींना पुन्हा चुकवत, बॉल घेऊन, आपल्या हद्दीत माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आली नं कप्तान!" समोरच्या पोरी तोंडं उघडी टाकून पाहत होत्या. सर डोकं धरून मैदानातच बसले.

यावरून मला तिने जन्मभर छळलं. मी दोन महिन्यांत रग्बी सोडली. कुठे उडेल याचा नेम नसलेल्या त्या बॉलवर माझा काही विश्वास बसेना. ती मात्र राहिली. परत वळायची खोड गेली, पण पळताना ओठांत "कबड्डी" काही सुटलं नाही. जिल्हा झाला, राज्य झालं. मग भारताच्या शिबिरात निवड झाली. आणि शिबिराच्या शेवटच्या सरावात गुडघ्यातली शीर तुटली. जर्सी मिळायच्या आधी ती कुबड्या घेऊन घरी आली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि स्पष्ट सांगितलं, चालाल फिराल छान, खेळ आता विसरा. त्या दिवशी ती रडली नाही. फक्त म्हणाली, "एकदा... एकदाच ते जर्सी घालून बॉल टेकवाचा हाय मले, कप्तान." तिला बस एवढंच पाहिजे होतं.

तिची आई माझ्याकडे आली. "कप्तान, तुहं ऐकते ते पोट्टी. उद्या पाय कायमचा गेला त कोण पाहीन तिले? तूच थांबव." मी शहाणी ना! मी जे केलं ते आज पहिल्यांदाच जाहीर लिहिते आहे. तिचे बूट मी पिशवीत घालून घरी आणले आणि माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली, लपवून ठेवले. वाटलं, बूट दिसले नाहीत की खेळ आपोआप विसरेल. केवढं माझं डोकं!

काही महिन्यांनी आरा मशीनच्या मागून जात होते. तिथे लाकडाच्या भुशाचा डोंगर साचतो. त्या भुशात वैशू अनवाणी पळत होती. पोत्यांत भुसा ठासून त्यांना माणसासारखं उभं केलेलं, आणि ही त्यांच्या कमरेत खांदा घालून एकेकाला लोळवत होती. केसांत भुसा, कानांत भुसा, भुवया पिवळ्या. "काय करून राहिली वं हे?" मी ओरडले. "बूट सापडून नाही राहिले," ती म्हणाली. "मंग म्हटलं अनवाणीच. भुसा नरम राह्यते, गुडघ्याले झटका बसत नाही." मला भरून येण्याऐवजी राग आला. म्हटलं, "रेड टाकाले गेली अन् परत नाही आली त पॉइंट भेटते काय वं? बस झालं. आता परत ये." ती धापा टाकत हसली. "कप्तान, रग्बीत परत यावं नाही लागत. तिकडे जाऊन बॉल टेकवला का झालं." आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. त्या दिवसांत तिची आई रोज संध्याकाळी तिचे कपडे अंगणात झटकायची आणि अख्ख्या गल्लीला सागाचा वास यायचा. तो वास आला की मला माझं कपाट आठवायचं. शेवटी एका सकाळी बूट घेऊन गेले आणि भुशात तिच्यासमोर ठेवले. तिने पाहिलं. "भेटले काय?" म्हणाली. बस. लेस बांधली आणि पळाली.

पुढच्या निवडीत नाव आलं नाही. गुडघ्याचा कागद पाहून परत पाठवली. त्याच्या पुढच्या वेळी वय विचारून परत पाठवली. दर वेळी ती स्टेशनवरून घरी यायच्या ऐवजी आधी भुशात जायची. तिशी ओलांडली, बरोबरीच्या पोरींची लेकरं शाळेत जायला लागली, लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं... आणि निवड झाली! तो सामना आम्ही आरा मशीनवर फोनमध्ये पाहिला. मैदान परदेशातलं, आवाज खरखरता. तिला उत्तरार्धात उतरवली. सात-सात जणींच्या त्या रग्बीत अर्धा डाव सात मिनिटांचा. आरा मशीनच्या मालकाने, सेठने, स्वतः उठून मशीन बंद केली. त्या मशीनला भरदुपारी गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला बॉल वैशूकडे आला. ती सुटली, आणि तिचे ओठ हलताना दिसले. ती काय म्हणत होती, हे त्या अख्ख्या स्टेडियमात कोणाला कळलं असेल? मला कळलं. माझं तोंड आपोआप उघडलं, "परत..." तिचे बाबा खेकसले, "चूप राय, बाई!" आणि तिने बॉल टेकवला. सामना आपण हरलो. इकडे लकडगंजात मात्र पेढे वाटले गेले, आणि तिच्या बाबांनी त्या भुशातच बसून डोळे पुसले.

नंतर तिने त्याच भुशात वस्तीतल्या पोरी गोळा केल्या आणि त्यांना शिकवायला लागली. जिवावरचा आजार आला तेव्हाही ती औषधांचा त्रास सोसत तिथे खुर्ची टाकून बसायची, ओरडायची. मग खुर्चीही सुटली. त्या शेवटच्या भेटीत, कापडाचं सांगून झाल्यावर, मी निघाले तर म्हणाली, "बूट तुह्याच घरी होते. मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं." मी मागे वळले. "मंग मागितले काहून नाही वं?" "तू आणून देतं का, पाहत होती. लय दिवस लावले, कप्तान." मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, बरी हो, लवकर परत ये. तिने मान हलवली. नाही म्हणून. "ते सोड. एक ऐक माहं. माह्या पोट्ट्याईले मागं नको बोलावू. कोणी रडो, कोणी पडो... तू कप्तान हायेस, तुहं ऐकतात त्या."

गेल्या रविवारी तिच्या आठवणीत पुण्यानुमोदन झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पोरी नव्या निळ्या जर्सी घालून भुशाकडे निघाल्या. मीही गेले. सगळ्यांत लहान पोरीच्या हाती बॉल आला. ती पळत सुटली, आणि ऐकते तर काय, तोंडाने "कबड्डी कबड्डी"! हिने कबड्डी कधी खेळलेली नाही. नंतर विचारलं मी तिला, तर म्हणाली, "वैशूताईनं शिकवलं. रग्बीत असंच म्हणा लागते नं?" त्या सगळ्याच तसं म्हणतात. दोघी अंगावर आल्या, पोरगी धडपडली, गुडघा घासला, तोल सावरत तिने मागे माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने मधोमध उभी होते. माझं तोंड उघडलं. वैशूची शपथ, काय निघेल ते मलाच ठाऊक नव्हतं.

"जा वं!" मी ओरडले. "पाहू नको इकडे, जा!"

ती वळली, आणि तिकडे जाऊन तिने भुशात बॉल टेकवला.