तान्ह्या पणतूचं पाप

वसईहून एसटीनं भिवंडीला निघाले तेव्हा सून म्हणाली, "भांडू नका हं." मी भांडायलाच निघाले होते. माझी नात प्रिस्का पूर्णा गावात आगरी घरात दिली आहे. तिला मुलगा झाला. नवरा बाप्तिस्म्याला तयार, पण सासूनं मोडता घातला. बाप्तिस्म्यानं बाळाचं आदिपाप धुतलं जातं, असं प्रिस्का बोलून गेली आणि सासू पेटली. चर्चमध्ये रविवार ठरलेला, आणि बाळ उंबरठ्याबाहेर जाणार नाही म्हणे.

अंजूरफाट्याला उतरून रिक्षा केली. "पूर्णा," म्हटलं.

"कौन सा गोदाम?"

"गोदाम नको. माणसं राहतात तिकडे ने."

तरी त्यानं मला गोदामाच्या फाटकावरच सोडलं. पहारेकरी पास मागायला लागला. मग कंटेनर चुकवत चालतच घर गाठलं. भातशेती गेली, घरं मात्र तिमजली झालीत.

प्रिस्काच्या सासूबाई, हिराबाई, यांनी आधी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण. झणझणीत. मी दोनदा घेतलं. मग त्या सुरू झाल्या.

"आजी, या पोराला अजून कूस बदलाला येत न्हाय. यान काय पाप केलान?"

"काहीच नाही. तो जन्मला तेव्हा तुम्ही सोयर (जन्माचा विटाळ) पाळलंत?"

"पाललाच. देवाला हात न्हाय लावला."

"का? पोरानं काय केलं होतं?"

"त्यान कशाला? ता जल्मासंगती येतंय."

"आमचंही तसंच. केलेलं नव्हे, जन्मासोबत आलेलं. पाण्यानं धुतात."

"मंग आमची आंगोल झाली की! परत कशाला?"

इथे फादर असते तर बोलले असते. मी चौथी पास. प्रिस्का बाळाला घेऊन दारात उभी, चेहरा उतरलेला. म्हटलं, "आंघोळ तुमचीही झाली होती, हिराबाई. मग हा हट्ट का नाही धुतला गेला? आला कुठून?"

"माझे आयशीचा हाय तो."

"आणि तिला कुठून?"

"तिचे आयशीकडना."

"अशाच मागं मागं जा. पहिल्या आईबापापाशी पोचाल. त्यालाच आम्ही आदिपाप म्हणतो. माझं हे तोंडही तिकडूनच आलंय."

"ता दिसतंय!" हिराबाई इतक्या हसल्या की बाळ दचकून रडलं. त्यांनी ते प्रिस्काकडून ओढूनच घेतलं. "जाव रविवारी. पन मांडीवर मी घेनार. अन पानी मी घरना तापवून आननार. थंड पानी घातलान, त तुमचे फादरची खैर न्हाय!"

माणूस जन्मतःच वाकडा, हे धर्मशिक्षणात घोकलं होतं. तेव्हा ती शिवी वाटायची. परतीच्या एसटीत मात्र मला हसू येत होतं. आगरी काय, ख्रिस्ती काय, खोड एकाच घरची.

सुनेनं दारातच विचारलं, "कोण जिंकलं?"

"कोमट पाणी," म्हटलं.