मिशीवाला दारवान

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायको गेल्यावर तिने काढलेली विज्ञानाची कॉमिक्स मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ठेवायला गेलो होतो. बाकावर चंदगडकडची एक बाई बसली होती. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि भीतीने ती ऑपरेशनला हो म्हणत नव्हती. तिने एक कॉमिक उघडले. त्यात झडप म्हणजे मिशीवाला दारवान होता. एकेका चौकटीवर बोट ठेवत ती सावकाश वाचत गेली आणि एकदम हसली.

“पावणं, आमच्या मालकांचा दारवान दार लावायचंच इसरलाय की!”

पदर खोचून ती डॉक्टरांकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, “कुणी काढलंय ह्ये?”

“माझ्या बायकोनं.”

“त्यास्नी सांगा, मला समजलं म्हणून.”

घरी येऊन मी फोटोपुढे उभा राहिलो आणि निरोप सांगितला.