वॉलबीच्या पोटातला मुलगा

आमच्या ओळखीतली मराठी माणसं बँकेत, नाहीतर आयटीत. मी जंत बघायची. तेही ऑस्ट्रेलियातल्या वॉलबीच्या पोटातले. वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी जाऊ, पोटाला तशीच पिशवी. स्पिरिटच्या बाटल्यांतून जंत कुरिअरने यायचे आणि ते कुठल्या प्रजातीचे हे मी सूक्ष्मदर्शकातून ठरवायची. कुणी 'वहिनी काय करतात?' विचारलं की नवरा घाईने 'रिसर्च' म्हणून ताट घेऊन पुढे सरकायचा.

एकदा असे जंत निघाले की त्यांच्या ओठांची ठेवण कुठल्याच पुस्तकात सापडेना. नवी प्रजाती, आणि माझ्या हातून पहिलीच. पण आमच्या थोर शास्त्रात ओळख पटते ती नराच्या शेपटीवरून. माद्या सगळ्या सारख्याच, असं मानायची पद्धत. माझ्याकडे साठ माद्या होत्या, नर एकही नाही.

"नर मिळाला तर लिहा," साहेब म्हणाले, "नाहीतर विसरा."

सासूबाई तेव्हा सांगलीहून सिंगापूरला, बुकित पंजांगच्या आमच्या घरी आल्या होत्या. त्यांना हे सांगितलं तर त्यांचं लाटणं थांबलं.

"साठ मुली आणि मुलगा एकही नाही?"

"नाही, आई."

"अगं बाई. मग वंश कसा चालायचा?"

माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा त्यांनी केला होता, तोच चेहरा आता एका जंतासाठी. मागासलेली बाई, मी मनात म्हटलं. आम्ही पडलो शास्त्रवाले.

आणखी बाटल्या मागवल्या. संध्याकाळी दार उघडलं की सासूबाई विचारायच्या, "झाला का मुलगा?" मी चपला काढता काढता मान हलवायची.

एका शनिवारी धाकटीला प्रयोगशाळेत नेलं. ती शेजारी गृहपाठ करत होती. मी एक जंत काचेवर घेतला, शेपटी पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "शी, परत मुलगीच."

धाकटीने वही मिटली. "व्हॉट्स राँग विथ गर्ल्स, आई?"

"अगं, मी जंताबद्दल म्हणतेय."

"आय नो, लाह," तिने इथल्या शाळेतला हेल काढला. "आजीपण काकूच्या बाळाबद्दलच म्हणत होती."

मी पुढचा जंत काचेवर घेतला.

नर मिळाला शेवटच्या बाटलीत. माद्यांच्या निम्म्या लांबीचा, शेपटीकडे आकडा झालेला, बेंगरूळ. या ध्यानासाठी साठ जणी ताटकळल्या होत्या. पण शेपटी कुणाशीच जुळेना, म्हणजे प्रजाती नवीच. मी लिटिल इंडियात उतरून पेढे घेतले. दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत जरा बिचकतच विचारलं, "बेटा हुआ?"

"हां जी," मी म्हणाले. खोटं थोडंच होतं?

सासूबाईंनी पेढा देवापुढे ठेवला. धाकटीने खोक्यात डोकावून विचारलं, "माझ्या वेळी काय वाटलं होतं?"

"तेव्हा बाई नुसती धावपळ होती," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी पेढा तोंडात टाकला.

शोधनिबंधात मी माद्यांचं वर्णन आधी लिहिलं, नराचं नंतर. संपादकांनी उलटापालट करून परत पाठवलं: प्रथा अशी आहे. दोन दिवस मी फणफणले. बाणेदार उत्तराचे तीन मसुदे केले. मग त्यांना एका ओळीत 'चालेल' म्हणून कळवलं. छापून तर यायला हवं होतं.